नशिबाची वही

खांद्याला कॅमेरे अडकवून रस्त्यावरचं जगणं टिपायला खोडदला आलेल्या मित्रमैत्रिणींनो!

येताना जाळीच्या अवाढव्य तबकड्या दिसल्या असतील. त्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं इथल्या परिसरात अशा तीस उभ्या राहिल्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या रेडिओलहरी त्या टिपतात आणि हे सगळं कुठून आलं, असं आकाशाला विचारतात. तुम्ही तेच रस्त्याला विचारता. तुमचं काम अवघड. तारे काही ‘फोटो नको’ म्हणत नाहीत.

पण ‘हे कुठून आलं’ या प्रश्नाचं उत्तर आपण कधी कधी फार घाईनं देतो. ३० जानेवारी १९४८ रोजी फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ दिल्लीत गांधीजींना भेटले. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. अशा भेटीला आपण सहज नियती म्हणून मोकळे होतो. मला ती सवय खटकते.

का, ते उद्या जवळच्या नारायणगावला गेलात की कळेल. गुढीपाडवा तोंडावर आलाय, तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागल्यात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले खेळाची सुपारी ठरवायला येताहेत. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर याच मातीतल्या. खेळ चालू असताना कळा आल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट इथं पोराटोरांनाही ठाऊक आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, तरी अखेरचे दिवस हलाखीत गेले; २००२ साली त्या गेल्या. लोक म्हणतात, ‘बाईचं नशीब!’ अहो, सुपारी कितीची, उचल कुणी किती घेतली, हे कपाळावर कुठं लिहिलेलं असतं? ते राहुटीतल्या वहीत असतं, माणसाच्याच अक्षरात. छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या पुस्तकात तमाशातल्या लोकांचं जगणं छायाचित्रांतून मांडलं. घुंगरांचे फोटो भरपूर झाले. त्या वहीवर वाकलेली माणसं अजून फारशी कुणी टिपलेली नाहीत.

उद्या सकाळी सात वाजता नारायणगावच्या गाड्या सुटतील. राहुटीत शिरण्याआधी विचारा, चहाही मिळेल. परत आल्यावर जेवण इथंच मंडपात. आणि अँटेनांच्या आवारात जाणाऱ्यांनी मोबाईल बंद ठेवावेत, ही विनंती.