सायकल, घाम आणि दारू



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलाविले तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो सायकलचा आणि दारूचा. काहींना हसू आले असेल. पण ज्यांच्यात आमचा सारा जन्म गेला, ते मोंढ्यातले हमाल, गवंड्याच्या हाताखालचे बिगारी, जिनिंगवरचे मजूर ह्यांतल्या पुष्कळांच्या घरी यंत्र म्हणून जी एकच वस्तू असे ती सायकल. आता अनेकांनी फटफटी घेतली. परंतु ज्याला हप्ता झेपत नाही तो अजून पायडलच मारतो. संध्याकाळी काम सुटल्यावर ह्यांतल्या काही सायकली कोठे उभ्या असतात, हे आपणांस सांगावयास नको.

प्रश्न साधा आहे. सायकल चालविताना दारू घ्यावी काय? आणि चालवून झाल्यावर घ्यावी काय? पहिल्याचे उत्तर सारेच 'नाही' असे देतात. भांडण आहे ते दुसऱ्याविषयी.

पहिल्याचा निकाल आधी लावू. बैलगाडीत माणूस पिऊन पडला तरी बैल त्याला घरच्या दारात आणून सोडतो. सायकलला तेवढी अक्कल नाही. ती आपल्या आपण उभीसुद्धा राहत नाही. चालविणाऱ्याने क्षणोक्षणी हँडल किंचित इकडे, किंचित तिकडे वळवावे तेव्हा तिचा तोल राहतो. हा तोल सांभाळणारा लहान मेंदू दारूने फार लवकर ढिला पडतो. सपाटीवर एक वेळ निभावेल. पण मांजरसुंब्याचा घाट बीडकडे उतरताना किंवा धारूरच्या घाटात, अंधारात, मागून ट्रक येत असता, ब्रेक दाबावयास लागलेला निमिष जिवावर बेततो.

"दोन घोट घेतले की पाय आपोआप चालतात, भाऊ," असे आम्हांला कितीदा सांगण्यात आले आहे. पाय चालत नाहीत. पायांचे दुखणे कळेनासे होते. ह्याचा पुरावा सायकलच्या सर्वांत मोठ्या शर्यतीत मिळतो. फ्रान्सची प्रदक्षिणा करणाऱ्या त्या शर्यतीत एके काळी स्वार वाटेत दारू पीत. १९५० साली पेर्पिन्यां ते नीम ह्या टप्प्यावर भयंकर ऊन होते. झाफ नावाचा अल्जीरियाचा स्वार पुढे निघालेला असता कोसळला, आणि शुद्धीवर येऊन सायकलवर बसला तो उलट दिशेनेच निघाला! त्याला दारू चढली होती असे पुढे म्हणत; कोणी म्हणतात, ती शुद्धीवर आणण्यासाठी त्याच्या अंगावर ओतली होती. ती गोष्ट लोक हसून सांगतात. पण १९६७ च्या जुलैत त्याच शर्यतीत मों व्हांतूच्या चढावर टॉम सिम्पसन हा इंग्लंडचा नामांकित स्वार मरण पावला, ते हसण्यासारखे नव्हते. ऊन, चढ, उत्तेजक गोळ्या आणि दारू ह्यांचा तो मिळून परिणाम होता. शरीर 'थांब' म्हणत होते ते त्याला ऐकू आले नाही. आमच्या वैशाखातले ऊन फ्रान्सच्या उन्हाहून सौम्य नाही, हे आपण जाणताच.

आता 'नंतर'विषयी. शहरातले हौशी लोक पहाटे चाळीस-पन्नास किलोमीटर सायकल चालवितात आणि घरी येऊन बिअरचा ग्लास घेतात. त्यांचे 'नंतर' घरात बसून असते. मोंढ्यातल्या हमालाचे तसे नाही. त्याचे काम संपले, पण त्याची सायकल संपलेली नाही. आठ-दहा किलोमीटर गाव अजून पुढे आहे. तो ज्याला 'कामानंतर' म्हणतो ते वाटेच्या मध्येच असते. आमच्या सगळ्या म्हणण्याचा हा गाभा आहे.

हिशेब करून पाहू. एकशेऐंशी मिलिलिटरची बाटली, मद्यार्क शेकडा चाळीस धरला, तर पोटात सुमारे ५७ ग्रॅम मद्यार्क जातो. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निकाली काढते. म्हणजे सहा ते आठ तास हवेत. रात्री दहाला घेतली तर पहाटे चार ते सहापर्यंत ती अंगात असते. ताक, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ ह्यांनी हा हिशेब बदलत नाही. मग पहाटेच्या पाळीला निघालेला माणूस आपण शुद्धीत आहोत असे समजून सायकलवर बसतो.

दिवसभर घाम गाळलेल्या अंगाला पाणी, मीठ आणि भाकरी हवी असते. दारू लघवीवाटे आणखी पाणी घालविते आणि उपाशीपोटी घेतली तर रक्तातली साखर उतरविते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ साली दाखविले की व्यायामानंतर भरपूर मद्य घेतले तर, जोडीला प्रथिने घेऊनही, स्नायूंची नवी बांधणी सुमारे चौथ्या हिश्शाने घटते. हमालाचे भांडवल म्हणजे त्याचे स्नायू. ते तो रोज गहाण टाकतो.

"सायकलला लायसन नाही, मग कायदा काय करील?" असेही विचारतात. मोटार वाहन कायद्यातली रक्ताची तपासणी मोटारवाल्यांसाठी आहे, हे खरे. परंतु दारूबंदीच्या १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक जागी पिऊन धिंगाणा करणे गुन्हा आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट नुकसानभरपाईची. १९२३ च्या कायद्यात होती तीच अट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे: अपघात सरळ नशेमुळे घडला असेल, तर मृत्यू आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व सोडून इतर इजेला मालक भरपाई देणे लागत नाही. कामावर जाता-येता झालेला अपघातही भरपाईस पात्र ठरू शकतो, हा हक्क कामगारांनी फार उशिरा मिळविला. तो एका बाटलीसाठी मोडलेल्या पायासकट रस्त्यावर सोडून द्यावयाचा काय?

आम्ही उपदेश करून थांबणारे नव्हे. माणूस गुत्त्याकडे का वळतो? अंग ठणकते, कामाच्या जागी बसावयास सावली नाही, प्यावयास गार पाणी नाही, आणि पगार हातात पडतो तो अंधार पडल्यावर. १९४९ साली जिनिव्हाला भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने ठराविले की मजुरी दारूच्या दुकानात देऊ नये व दारूच्या रूपाने तर कधीच देऊ नये. हे लिहावे लागले, कारण तसे घडत होते. म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. मालकाने आणि मुकादमाने दिवसाउजेडी, कामाच्या जागीच पगार द्यावा. माठ, सावली आणि मलमपट्टीची पेटी ठेवावी. कामगाराने काम सुटताच आधी तांब्याभर पाणी प्यावे, चार घास खावेत आणि सरळ घर गाठावे. ज्याला पिणे सोडवत नाही, त्याने निदान त्या दिवशी सायकल कुलूप लावून ठेवावी आणि सोबत्याबरोबर चालत जावे. सोबत्यांनीही त्याला एकटे सोडू नये. संघटना म्हणतात ती हीच.

घरी सायकलच्या घंटीकडे कान लावून बसलेली माणसे असतात. त्यांच्या वतीने आम्ही हे बोललो.