पणजीचं नाव कागदावर शोधू या
(ग्रामसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



बचतीचा हिशेब झाला, हप्ते झाले. आता थोडा वेळ आपल्या घराण्याचा हिशेब मांडू. पणजोबाचं नाव पुष्कळ जणी सांगतात. पणजीचं नाव विचारलं की अडखळतात. जुन्या कागदांवरही बाई बहुतेक ‘जौजे’ नाहीतर ‘बेवा’, म्हणजे अमक्याची बायको किंवा विधवा, अशीच सापडते.

हे कागद लागतात कधी? पोरीची बारावी होते, राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असतो आणि जात पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. पुरावा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला पाहिजे. वडिलांची आत्या शाळेत गेली असेल, तर तिचा दाखलाही कामी येतो. आणि लक्षात ठेवा, लग्न झालेल्या बाईला पुरावा माहेरचाच लागतो. सासरचा चालत नाही.

शोधायचं कुठं? पहिलं ठिकाण गावची जुनी शाळा, तिथलं दाखल-खारीज रजिस्टर. दुसरं तहसील. तिथं कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. जमीन नसलेल्या घरालाही त्या उपयोगी पडतात. पण जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेक नसतं. बापाचं नाव, जात, तारीख आणि मुलगा की मुलगी एवढंच असतं. म्हणून आधी घरच्या म्हाताऱ्या माणसांना जन्माचं अंदाजे साल विचारा. तिसरं, जमिनीचे कागद: 1954-55 चा अधिकार अभिलेख आणि जुने फेरफार. माणूस वारला की फेरफारात वारसांची नावं चढतात. पणजीचं स्वतःचं नाव सापडलं तर बहुधा इथंच सापडतं.

एखाद्या दाखल्यावर ‘मध्य प्रदेश’ दिसलं तर घाबरू नका. 1950 पासून 1956 पर्यंत आपलं यवतमाळ त्याच राज्यात होतं. 1905 च्या आधी तर जिल्ह्याचं नावच वणी होतं.

नोंद सापडली की अर्ज करून शिक्क्याची नक्कल घ्या. खाडाखोड करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. पडताळणीत ते उघडं पडतं आणि पोरीचा प्रवेश जातो.

आता आपल्या स्वतःच्या नावाचं. घरधनी वारले असतील तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज द्या. मुलांसोबत तुमचं आणि मुलींचंही नाव लिहा. नाव सातबाऱ्यावर नसलं की पीककर्जाला अडतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात तर सरकारनंच आईचं नाव आधी आणि बापाचं नंतर लावलं आहे.

पुढच्या सभेला प्रत्येकीनं एक कागद आणायचा. त्यावर माहेरची चार पिढ्यांची वंशावळ, बायकांच्या नावांसकट. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी सांगायचं, गटाची सचिव लिहून घेईल. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची आजी आहे, त्यांनी आज रात्रीच तिच्याजवळ बसा.