रक्तगट आणि आपले ताट

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज चार शब्द बोलावेत अशी चालकांची आज्ञा झाली, तेव्हा विषय शोधण्यास आम्हांस दूर जावे लागले नाही. गेल्या संक्रांतीस आमची धाकटी नात तिळगुळाची वाटी घेऊन पुढे आली आणि आम्ही हात मागे घेतला. कारण इतकेच की, आमचा रक्तगट ‘बी’ असून त्या गटाच्या माणसास तीळ व भुईमूग वर्ज्य आहेत, असे सांगणारा एक तक्ता एका स्नेह्याने आम्हांस दिला होता. पोर हिरमुसली. जन्मभर मुलांना ‘याला आधार काय?’ असे विचारणाऱ्या मास्तराने त्या तक्त्यास मात्र हा प्रश्न विचारला नव्हता, याची आम्हांस त्या दिवशी लाज वाटली. तो प्रश्न आम्ही नंतर विचारला. त्याचे उत्तर आज आपणांपुढे ठेवीत आहोत. कारण हा तक्ता आपल्या ज्ञातीतील बऱ्याच स्वयंपाकघरांत जाऊन पोहोचला आहे.

रक्तगटांचा शोध व्हिएन्ना येथील शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी लावला व १९०१ साली तो प्रसिद्ध केला. १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर काही शर्करांच्या खुणा असतात. त्यांवरून ए, बी, एबी आणि ओ हे गट ठरतात. एकाचे रक्त दुसऱ्यास देताना हा भेद प्राणाशी गाठ घालणारा आहे. परंतु रक्त देणे वेगळे आणि भाकरी खाणे वेगळे.

या दोहोंची सांगड अमेरिकेतील निसर्गोपचारक पीटर डी’ॲडमो यांनी १९९६ सालच्या आपल्या पुस्तकात घातली. त्यांचे म्हणणे असे की, ‘ओ’ हा आद्य शिकाऱ्यांचा गट, म्हणून त्याने मांस खावे व गहू, दूध टाळावे. ‘ए’ हा शेतीबरोबर उपजलेला, म्हणून त्याने शाकाहार करावा. ‘बी’ हा भटक्या पशुपालकांचा, त्यास दूध चालेल, पण कोंबडी, मका, मसूर, तीळ, भुईमूग चालणार नाहीत. ‘एबी’ने मधला मार्ग धरावा. न मानवणाऱ्या अन्नातील लेक्टिन नावाची द्रव्ये रक्तपेशींच्या गुठळ्या करतात, असे कारणही त्यांनी दिले.

कथा ऐकावयास गोड आहे. पण पहिल्याच पायरीवर ती अडखळते. ए आणि बी या खुणा माणसाने नांगर धरल्यानंतर उपजल्या नाहीत. त्या गिबन वानरांतही आढळतात आणि त्यांचे मूळ किमान दोन कोटी वर्षे मागे जाते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. शेतीचे वय दहा-बारा हजार वर्षे! लेक्टिनांचे म्हणाल, तर राजम्यासारख्या कडधान्यात ती असतात व कच्चा राजमा बाधतो हे खरे. परंतु तो कोणत्याही गटाच्या माणसास बाधतो, आणि नीट भिजवून खळखळ उकळला म्हणजे कोणासही बाधत नाही. आपल्या आजीला हे पुस्तकाविना ठाऊक होते.

कोणी म्हणेल, “तर्क राहू द्या, आम्हांस प्रत्यक्ष गुण आला आहे.” हे आम्ही खोटे म्हणत नाही. पण शाळेतील रीत अशी की, औषध लागू पडले असे म्हणण्यापूर्वी ते बदलून पाहावे. ‘ए’चा तक्ता ‘बी’च्या माणसाने पाळला तर काय होते? नेमका हाच प्रश्न टोरंटो विद्यापीठातील संशोधकांनी १,४५५ तरुण माणसांच्या आहारावरून तपासला व निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केले. ‘ए’च्या तक्त्याशी ज्यांचा आहार जुळत होता, त्यांचे वजन, रक्तदाब इत्यादी गोष्टी बऱ्या आढळल्या, पण त्यांचा स्वतःचा रक्तगट कोणता, याने काहीच फरक पडला नाही. भाज्या, फळे अधिक आणि तळलेले, गोडधोड कमी, हा गुण अन्नाचा होता. श्रेय मात्र रक्तगटाने घेतले. तत्पूर्वी २०१३ साली या विषयावरील १,४१५ लेखनोंदी चाळणाऱ्या अभ्यासकांस या आहाराच्या बाजूने एकही पुरावा सापडला नव्हता.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. काही विकारांचे प्रमाण गटागटांत थोडे कमीअधिक असते. जसे ‘ओ’ गटात जठरव्रण काहीसा अधिक. पण त्यावरून ताटात काय वाढावे हे ठरत नाही.

आता घराचा विचार करा. आई ‘ए’ व वडील ‘बी’ असले आणि दोघांच्याही ठायी ‘ओ’चा अंश दडलेला असला, तर त्यांच्या लेकरांत चारही गट निघू शकतात. मग एका घरात चार चुली मांडावयाच्या काय? आणि शाकाहारी घरातील ‘ओ’ गटाच्या गरोदर सुनेने दूध सोडले, गहू सोडला, मसूरही सोडली, तर तिच्या पोटातील जिवाने कशावर वाढावे? थट्टेचा विषय येथे संपतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पथ्य अवश्य पाळावे. पण ते त्यांच्या आजारावरून डॉक्टरांनी ठरविलेले असावे, गटाच्या अक्षरावरून नव्हे.

तर मग रक्तगट जाणण्याचा उपयोग काय? १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विरळा गट शोधून काढला. जगभर तो ‘बॉम्बे’ गट म्हणून ओळखला जातो. साध्या तपासणीत तो ‘ओ’ वाटतो, परंतु त्या माणसास ‘ओ’चे रक्तही चालत नाही, त्याच गटाचा दाता शोधावा लागतो. असा दाता मिळाला, तर त्याची जात कोणी विचारीत नाही. आम्ही ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलत आहोत, म्हणून हे मुद्दाम सांगतो: रक्ताचे गट आपल्या कोणत्याही कुंपणास जुमानीत नाहीत. आपला गट कार्डावर लिहून खिशात ठेवा, तरुणांनी रक्तदान करावे. पण ते कार्ड पानाशेजारी मांडू नका.

येत्या संक्रांतीस नातीपुढे आम्ही हात स्वतः पसरणार आहोत.