स्कॉटलंडांतील चार दिवस

बुलढाणा जिल्ह्यांतील हिवरा आश्रम या गांवीं पौष महिन्यांत स्वामी विवेकानंदांच्या जयंतीचा उत्सव होतो. शुकदास महाराजांनीं स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमाच्या पटांगणांत हजारों माणसें एकाच वेळीं पंक्तीला बसतात आणि पुरी व वांग्याची भाजी हा प्रसाद घेतात. थोर पुरुषाचें स्मरण अन्नावांचून पुरें होत नाहीं, ही आपली रीत. सातासमुद्रांपलीकडे स्कॉटलंडांतही, जवळजवळ त्याच थंडीच्या दिवसांत, अशी एक पंगत बसते. मात्र ती एका कवीच्या नांवानें बसते.

रॉबर्ट बर्न्स हा १७५९ सालीं २५ जानेवारीस ॲलोवे या खेड्यांत एका गरीब शेतकऱ्याच्या पोटीं जन्मला. बापानें स्वतःच्या हातांनीं बांधलेलें गवती छपराचें तें घर अद्याप उभें आहे. कवि १७९६ सालीं वारला. पुढें १८०१ सालीं त्याच्या नऊ स्नेह्यांनीं त्याच घरीं एकत्र जेवून त्याचें स्मरण केलें, आणि तेव्हांपासून हा प्रघात पडला. मेंढीचें काळीज व फुप्फुस, ओटचें पीठ, कांदा आणि मसाला यांचा 'हॅगिस' नांवाचा पदार्थ मशकवाद्याच्या सुरांत मिरवीत आणतात. त्याच्या गौरवार्थ बर्न्सनें रचिलेली कविता म्हणतां म्हणतां तो सुरीनें कापतात. सोबत सलगम व बटाटे असतात. शाकाहारी पाहुण्यानें बिचकण्याचें कारण नाहीं. डाळी व भाज्या घालून केलेला हॅगिसही आतां मिळतो.

चार दिवसांच्या सुटींत एडिंबरोस जाणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडतात ते चौकड्यांच्या कापडाचे ढीग. दुकानांत तें वस्त्र हौसेचें वाटतें. त्याचा इतिहास मात्र करुण आहे. १७४६ सालीं कलोडनच्या रणांगणावर डोंगरी टोळ्यांचा पराभव झाला आणि त्याच वर्षीं त्यांचा पारंपरिक वेष कायद्यानें निषिद्ध ठरला. ही बंदी १७८२ पर्यंत टिकली. पुढें १८२२ सालीं राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हां सर वॉल्टर स्कॉट यांच्या पुढाकारानें तोच वेष दरबारी शोभेचा झाला. ज्याबद्दल एका पिढीला तुरुंग दाखविला, त्याचेंच दुसऱ्या पिढीनें कौतुक मांडलें!

वेष परत आला. भाषेचें तसें सहज झालें नाहीं. बर्न्सच्या काळीं एडिंबरोची प्रतिष्ठित मंडळी आपल्या बोलण्यांतील गांवढळ शब्द निवडून काढून टाकीत होती. तेव्हां या नांगरधाऱ्यानें त्याच स्कॉट्स बोलींत काव्य लिहिलें, आणि लोकांच्या तोंडचीं जुनीं गाणीं मोबदला न घेतां गोळा करून जेम्स जॉन्सन याच्या संग्रहास दिलीं. त्यामुळें तीं वांचलीं. २०११ च्या शिरगणतींत सुमारें १५ लक्ष लोकांनीं स्कॉट्स बोलतां येतें असें नोंदविलें. डोंगराळ भागांतील गेलिक भाषेच्या वांट्यास मात्र सत्तावन्न हजारांच्या आसपासच लोक आले.

तेव्हां प्रवाशानें कापडाचा तुकडा अवश्य विकत घ्यावा. पण एक संध्याकाळ खेड्यांतील नाचगाण्याच्या बैठकीसाठीं राखून ठेवावी. तेथें म्हातारे व पोरें एका रिंगणांत नाचतात, आणि अखेरीस सारे हातांत हात गुंफून बर्न्सचें मैत्रीचें गीत गातात. संस्कृति तेथें भेटते. दुकानांत तिची खूण तेवढी मिळते.

आणि घरीं परतल्यावर आणखी एक करावें. वऱ्हाडांतील आजीबाईंच्या ओठांवर जात्यावरच्या ओव्या अजून आहेत. त्या वऱ्हाडी बोलींतच आहेत, आणि शहरांत शिकलेल्या नातवंडांना ती बोली उच्चारावयास संकोच वाटतो. बर्न्सनें जें दोन शतकांपूर्वीं केलें, तें करण्यास महाकवि असावें लागत नाहीं. एक वही, एक लेखणी आणि आजीजवळ बसण्याइतकी सवड, एवढें पुरें आहे.