जठराचा कर्करोग : औषधाला दाद न देणाऱ्या पेशी



जपानमध्ये आल्यावर वैद्यकीय तपासणीत ‘इकामेरा’ हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. ‘इ’ म्हणजे जठर. जठराचा कर्करोग हा या देशाचा जुना वैरी; म्हणूनच जठरात उतरणारा कॅमेरा १९५० च्या सुमारास येथेच घडविला गेला.

परंतु आज आपण निदानापुढील प्रश्नाचा विचार करू. एकच औषध, रोगाची एकच अवस्था. तरीही एका रुग्णाची गाठ आटते, दुसऱ्याची वाढतच राहते. असे का व्हावे?

गाठीतील सर्व पेशी सारख्या नसतात. काही थोड्या पेशी मूळपेशींप्रमाणे वागतात आणि उपचारानंतर गाठ पुन्हा उभी करतात. केइओ विद्यापीठातील हिदेयुकी साया यांच्या गटाने २०११ मध्ये दाखविले की, सीडी४४ या प्रथिनाचा एक प्रकार पेशीच्या आवरणातील एक्ससीटी नावाचे द्वार टिकवून धरतो. त्या द्वारातून सिस्टीन आत येते, त्यापासून ग्लुटाथायोन बनते आणि औषधाने पेटविलेली आग पेशीच्या आतच विझते! संधिवाताचे जुने औषध सल्फासॅलझीन हे द्वार रोखते. जठराचा कर्करोग बळावलेल्या ११ रुग्णांवर त्याची प्राथमिक चाचणी झाली. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काहींच्या गाठीत अशा पेशी घटल्या, एवढेच. यावरून रोग हटला असे कोणी समजू नये. वर्तमानपत्री मथळ्यांवर आमची श्रद्धा बेताचीच आहे.

रुग्णालयात मात्र गाठीच्या तुकड्यावरून औषधाचा अंदाज बांधणे आता रुळले आहे. एचईआर२ हे प्रथिन विपुल असल्यास ट्रास्टुझुमॅब देता येते. क्लॉडिन १८.२ आढळल्यास झोल्बेटुक्सिमॅबचा विचार होतो. त्याला जगात प्रथम मान्यता जपानने मार्च २०२४ मध्ये दिली. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांवर हा प्रसंग आलाच, तर डॉक्टरांपुढे नुसते ‘हाय, हाय’ म्हणत मान डोलावू नये. दुभाषी मागावा आणि या तपासण्या झाल्या काय, हे स्पष्ट विचारावे. वडिलांपासून रोगाचे नाव लपविण्याची आपली रीत येथे फार महागात पडते, कारण उपचाराची निवड त्यांच्या संमतीनेच व्हावयाची असते.

आणखी एक गोष्ट. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू भारतात बालपणीच अनेकांच्या जठरात शिरतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात १,२४६ बाधितांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. २८० अबाधितांपैकी एकालाही नाही. इकामेऱ्याने जठरदाह सिद्ध झाल्यास या जंतूच्या निर्मूलनाचा उपचार फेब्रुवारी २०१३ पासून आरोग्य विम्यात बसतो.