मुलींचा दम, मुलांचा दम



आज आपण फुटबॉलविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, शेती-मजुरी करणाऱ्याला खेळाचं काय?" थोडे ऐका, मग सांगा.

आपल्या नागपुरात विजय बारसे नावाचे क्रीडाशिक्षक हिस्लॉप कॉलेजात होते. झोपडपट्टीतली पोरं भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली. त्यांनी पोरांना चेंडू दिला. त्यातून २००१ साली 'स्लम सॉकर' हे काम उभे राहिले. पुढे तिथे मुलीही खेळू लागल्या.

लोक विचारतात, "मुलींना हा धसमुसळा खेळ झेपेल का?"

आम्ही शाळेत पुष्कळ वर्षे पोरं-पोरी धावताना पाहिली. दहा-अकरा वर्षांपर्यंत दोघांच्या ताकदीत फारसा फरक नसतो. मुलगा वयात आला की त्याच्या शरीरात एक रस वाढतो. त्याने स्नायू भरतात, रक्तातला तांबडा अंश वाढतो. म्हणून पुरुष जास्त वेगाने धावतो, चेंडू लांब मारतो. हे खरे आहे.

पण दमाचे काय? १९९१ साली स्त्रियांचा पहिला विश्वचषक झाला. तेव्हा सामना ८० मिनिटांचाच ठेवला होता. १९९५ पासून तो पुरुषांसारखा ९० मिनिटांचा झाला. मैदान तेच, चेंडू तोच. एका सामन्यात तयारीची बाई सुमारे १० किलोमीटर धावते. पुरुष त्याहून थोडेच जास्त धावतो. फरक आहे तो वेगाचा.

मुलींचा गुडघा मात्र जास्त वेळा दुखावतो. त्यालाही उपाय आहे. खेळण्याआधी वीस मिनिटे व्यायाम करावा. मांड्यांना बळ आणावे. उडी मारल्यावर गुडघे वाकवून उतरायला शिकावे.

आता खरी गोष्ट ऐका. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर पाहणी केली. १५ ते ४९ वर्षांच्या १०० बायकांत ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. पुरुषांत १०० पैकी २५ जणांच्या. तपासताना बाईचे माप मुळातच थोडे कमी धरतात. तरी ही गत! पाळीत रक्त जाते, बाळंतपणात जाते. वर ती सगळ्यांच्या मागून जेवते. तळाशी उरेल ते खाते. अंगात रक्त नाही, तर दम कुठून येणार? मग ती खेळो, की शेतात निंदण करो.

निसर्गाने केलेला फरक आपल्याला पुसता येत नाही. ताटातला फरक पुसता येतो. मुलीला डाळ, हिरवी भाजी, चणे, जमल्यास अंडे पोटभर द्या. भाजीवर लिंबू पिळा. शाळेत, अंगणवाडीत लोहाची गोळी मिळते, ती तिला घेऊ द्या.

मुलगा खेळून आला की आपण म्हणतो, "दमला असशील, जेव." मुलगी आली की म्हणतो, "भांडी पडली आहेत." आज रात्री दोघांची ताटे शेजारी ठेवा आणि पाहा. जे कमी दिसेल ते वाढा.