वणवा धुऱ्यावरून निघतो

वऱ्हाडातला वणवा पुष्कळदा जंगलात पेटत नाही. तो शेताच्या धुऱ्यावर पेटतो. तूर निघते, पऱ्हाटी उपटली जाते, उन्हाळवाहीआधी धुरे जाळले जातात आणि दुपारचा वारा ठिणगी शेजारच्या गवतात नेऊन टाकतो. विजेने लागणारे वणवे भारतात विरळच. बहुसंख्य आगी माणसाच्या हातून लागतात. म्हणून हा विषय एकट्या वनखात्याचा नाही, कामरगावसारख्या शेतकऱ्यांच्या गावाचाही आहे.

कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य याच परिसरात, सुमारे 18 चौरस किलोमीटरचे. माळावरचे गवत दिवाळीनंतर वाळू लागते. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, तितर गवताच्या आडोशाला. आग आली की काळवीट पळते. अंडी पळू शकत नाहीत. सागाच्या रानातले नुकसान लवकर दिसत नाही. मोठे झाड जाड सालीमुळे तगते, रोपे मात्र जळतात, आणि दरवर्षी असेच घडले तर त्या रानाला पुढची पिढीच उरत नाही. पाचोळ्याचे पांघरूण गेले की पहिल्याच पावसात माती नाल्यात उतरते.

महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्यांचा हंगाम मानतात. त्याआधी वनखाते जाळरेषा साफ करते. राखीव वनात आग लावणे 1927च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीचे इशारे पाठवते. पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो आणि धुऱ्यावरची लहान आग त्याच्या नजरेतून निसटू शकते. ती आधी दिसते गुराख्याला. त्याच्याकडे वनविभागाचा 1926 हा क्रमांक असणे म्हणूनच मोलाचे.

शेतकरी पऱ्हाटी जाळतो त्यालाही कारण आहे. गुलाबी बोंडअळीचे कोष तिच्यात दडून राहतात आणि मजुरी परवडत नाही. तेव्हा नुसती बंदी पुरत नाही. फरदड न घेता पीक वेळेत काढणे आणि श्रेडरने पऱ्हाटीचा भुगा करून तो मातीत गाडणे, हा खरा पर्याय. श्रेडर एकट्याला झेपत नसेल तर तो गावाने मिळून घ्यावा. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवतात. तिथे जाळी किंवा जुने लुगडे अंथरले की काम भागते. कडब्याची आणि कुटाराची गंजी घरागोठ्यापासून दूर रचावी, तिच्याभोवतीचे गवत खरवडून काढावे. जाळणे अटळच असेल तर भल्या सकाळी, वारा पडलेला असताना, पाणी आणि माणसे हाताशी ठेवून जाळावे, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत तिथून हलू नये.

रान आपले वाटले तर माणसे ते राखतात. अमरावती जिल्ह्यातील पायविहीरच्या ग्रामसभेने 2006च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवले आणि उजाड रान पुन्हा उभे केले. होळीआधी प्रत्येक ग्रामपंचायतीने शिवारात एक फेरी काढावी आणि कोणाचा धुरा कधी, कसा साफ होणार, हे ग्रामसभेतच ठरवावे.